आंबेखारची गैरहजर पोरं

एखादी गोष्ट जुळली नाही की ती तशीच सोडून देणं कलावती गुप्तेला कधी जमलंच नाही. नऊ वर्षांची असताना शेजारच्यांची विहीर आपल्याआधी का आटते, हे बघायला तिने दोरीला दगड बांधून दोन्ही विहिरींचा तळ मोजला होता आणि त्यापायी आईचा मार खाल्ला होता. वडील कल्याणच्या कोर्टात वकील. पोरीची ही खोड त्यांनी हसून घेतली आणि तिला गणित घेऊन बी. ए. करू दिलं. एकोणपन्नास साली दिवाळीनंतर तिला हिवताप पथकात नोकरी लागली, तेव्हा आई म्हणाली, "तापाच्या गावांतून हिंडायचं हे काय बाईमाणसाचं काम आहे?" वडील एवढंच म्हणाले, "तिला विचार, तिला काय वाटतं ते."

तिला वाटत होतं ते असं, की चला, निदान मोजायला तरी मिळेल.

पथक म्हणजे मोजून तीन माणसं. प्रमुख डॉ. वैशंपायन, पुण्याचे, पन्नाशीचे, वेळेचे पक्के. आकडेमोडीला आणि कागदपत्रांना कलावती. आणि तिसरा धोंडीबा, साताऱ्याकडचा. त्याचं काम डास पकडणं. गोठ्यांतून, घरांतून एका काचेच्या नळीने तो डास अलगद ओढून घ्यायचा आणि डबीत बंद करायचा. "सरकार डास धरायचा पगार देतंय म्हनल्यावर गावाकडं कुनी इस्वास ठेवत न्हाई, बाई," असं तो पहिल्याच दिवशी तिला म्हणाला होता. कचेरी पारनाक्याला, भाताच्या वखारीवरच्या माडीत. दोन खोल्या, एक टेबल, आणि खालून येणारा कोंड्याचा वास.

पहिल्या बैठकीत डॉक्टरांनी टेबलावर नकाशा पसरला. कल्याणच्या खाडीपासून शीळफाट्यापर्यंतची बारा गावं त्यांनी पेन्सिलीने गोल केली होती.

"जानेवारीत फवारणीची माणसं येतील," ते म्हणाले. "घराच्या भिंतींवर डीडीटी मारायची. पण यंदा औषध आठच गावांपुरतं आहे. म्हणजे ताप जास्त असलेली आठ गावं आधी घ्यायची. उरलेली चार पुढच्या वर्षी. आणि वर्षभराने या आठांत काय फरक पडला ते त्या चारांशी ताडून बघायचं."

"पण आज कुठे किती ताप आहे, हे कुणाला माहीत आहे?" कलावतीने विचारलं.

"कुणालाच नाही. म्हणून तर आपण आहोत. औषध मारायच्या आधी काय होतं ते लिहून ठेवलं नाही, तर औषधाने काय केलं ते कशाच्या जोरावर सांगणार?"

मग त्यांनी पद्धत समजावली. हिवताप वरचेवर आला की मुलाच्या डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. मुलाला उताणं निजवायचं, गुडघे वर घ्यायला लावायचे, पोट हाताने चाचपायचं. पानथरी बरगडीखाली किती बोटं उतरली आहे ते मोजायचं. दोन ते दहा वर्षांच्या शंभर मुलांत किती जणांना पानथरी, त्यावरून गावाचा ताप कळतो.

"मुलं एकत्र कुठे सापडतील?" कलावती म्हणाली.

"शाळेत. आणखी कुठे?"

ते तिलाही पटलं. तिने कार्डं आखली. नाव, वय, पानथरी किती बोटं, इतर खुणा. प्रत्येक गावच्या मास्तरांना आपल्या वळणदार अक्षरात आठवडाभर आधी सूचना धाडली, की अमुक दिवशी डॉक्टर येतील, सदरे वर करून मुलांची पोटं तपासण्यात येतील, पालकांनी सहकार्य करावं. आधी दोन गावांत करून बघायचं, योजनेत कुठे उणं आहे ते कळलं की मग बाकीची दहा, असं ठरलं.

पहिलं गाव आंबेखार. शीळफाट्याला सर्व्हिस मोटारीतून उतरून दोन मैल चालत. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खाडीचा खारा पट्टा. शाळेत भाऊ मास्तरांनी मुलं रांगेने उभी केली होती. तासाभरात काम झालं. चौतीस मुलं, त्यांतल्या दोघांना पानथरी. दुसऱ्या दिवशी गावालगतच्या ओढ्यापलीकडचं गाव केलं. तिथे एकतीस मुलं, चौदा जणांना पानथरी.

कचेरीत परतल्यावर डॉक्टरांनी आंबेखारच्या नावापुढे काट मारली. "शेकडा सहा. हे गाव यंदा सोडायच्या चारांत टाकायला हरकत नाही. सोमवारी यादीचा पहिला हप्ता ठाण्याला जायचा आहे, त्यातलं हे एक तरी पक्कं झालं."

तेवढ्यात कोपऱ्यात डब्या लावत बसलेला धोंडीबा बोलला. "सायेब, ल्हान तोंडी मोठा घास, पन त्या गावात एका गोठ्यात अर्ध्या तासात मी एकसष्ट डास धरलं. वढ्यापल्याड अठरा मिळालं."

"डासांच्या जाती असतात, धोंडीबा. सगळे ताप देत नाहीत."

"जात तीच हाय, सायेब. तुमीच काल भिंगातनं बघितली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "असेल काही कारण. गावाला चांगलं पाणी असेल, अंगात ताकद असेल."

कलावतीने चौतीस कार्डं पुढे ओढली आणि पत्त्यांसारखी मांडायला घेतली. एकाच ओढ्याचे दोन काठ. डास इकडे तिप्पट आणि आजार पलीकडे सातपट. कुठेतरी काहीतरी निसटत होतं.

"मी उद्या परत जाऊन येऊ का?" तिने विचारलं.

"कशासाठी?"

"ते मलाही माहीत नाही. पण हे जुळत नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नाखुशीने मान हलवली. "यादी सोमवारी जायची, हे लक्षात ठेवा, गुप्तेबाई."

दुसऱ्या दिवशी धोंडीबाला घेऊन ती निघाली. शाळेत भाऊ मास्तरांकडे तिने हजेरीपट मागितला. पटावर नावं अठ्ठावन्न होती. तपासणीच्या दिवशी चोवीस गैरहजर.

"झोडणीचे दिवस आहेत, बाई," मास्तर म्हणाले. "पोरं खळ्यावर जातात."

तिने बोट फिरवत मागचे दिवस पाहिले. सोमवारी गैरहजर नऊ. मंगळवारी, तपासणीला, चोवीस. बुधवारी पुन्हा दहा.

"झोडणी फक्त मंगळवारीच होती का, मास्तर?"

मास्तरांनी हजेरीपट स्वतःकडे ओढून घेतला आणि तिन्ही दिवसांचे आकडे पुन्हा मोजले. ते डोंबिवलीहून रोज यायचे. गावात त्यांची ऊठबस नव्हती. "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

चोवीस नावं कागदावर उतरवून ती गावात शिरली. धोंडीबा गोठ्यांकडे वळला. त्याच्या नळीभोवती लगेच बायाबापड्या जमल्या आणि हसू लागल्या. कलावती यादीतलं पहिलं घर शोधत निघाली. गोदा, वय आठ, आई कमळाबाई.

घराच्या ओट्यावर एक मुलगी टाचा उंचावून वाशाला टांगलेली सुकटीची टोपली काढत होती. हात वर गेले तसं तिचं पोलकं वर सरकलं. पोट मडक्यासारखं पुढे आलेलं, आणि डाव्या बरगडीखाली पैशाएवढे तीन गोल चट्टे. जुने, गुळगुळीत झालेले. भाजल्याचे.

मुलीने मागे वळून पाहिलं. पांढरं लुगडं नेसलेली, हातात कागद घेतलेली बाई पाहताच ती टोपली टाकून आत पळाली. आतून तिची आई कमळाबाई बाहेर आली.

"पोर घरान नाय," ती म्हणाली.

"मी आत्ताच पाहिली, कमळाबाई."

"ती आमची नाय. भनीची हाय."

कलावती ओट्याच्या कडेवर टेकली. शेजारच्या घरातून एक साठीची बाई आली. काळीसावळी, काटक, काष्टा घट्ट मारलेला. ही सगुणा, गावची सुईण. गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातून जगात आलेलं. ती येऊन कमळाबाईच्या पुढे उभी राहिली.

"काय पायजे, बाय?"

"त्या मुलीच्या पोटावर ते चट्टे कशाचे आहेत?"

सगुणेने आधी कमळाबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मागल्या साली एक साहेब आलता. त्यानं एका पोराचा पानथरीवरचा डाग बगला आन बोलला, ज्यानं दिला त्याला पोलिसान देतंय. आता तुमची चिट्ठी आली. मास्तरानं वाचून दावली. सदरं वर करून बगनार. मंग बायांनी डागाची पोरा घरान ठेवली."

ती सूचना तिच्याच हातची होती. डाग कुणाला देतात? ज्यांना पानथरी त्यांनाच. म्हणजे आठवडाभर आधी सुबक अक्षरात सूचना धाडून तिनेच गावातली जवळजवळ सगळी आजारी पोरं वेचून बाजूला काढायला लावली होती, आणि उरलेली चौतीस धडधाकट पोरं मोजून गाव निरोगी ठरवलं होतं.

"गावात अशी किती मुलं आहेत?"

"लिवून घेनार? डाग लिवनार?"

कलावतीने पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं. त्यावरचा शेवटचा रकाना तिने दाखवला. "इथे लिहायचं होतं. इतर खुणा." मग तिने पेनाने तो रकाना आडव्या रेघा मारून पुरता खोडला. दुसरं कार्ड काढलं, तोही खोडला. तिसरं काढलं तेव्हा सगुणेने तिचा हात धरला.

"पुरे झाला," ती म्हणाली. आणि खाली बसत, "डाग मीच देतंय, बाय. माजी आई देयाची. माज्या नातवाला, गणूला पन मीच दिला."

कमळाबाईने पदर तोंडाशी नेला. कलावतीला आधी राग आला. आठ वर्षांच्या पोरीच्या अंगाला तापलेलं लोखंड. तो राग जिभेवर येऊन थांबला, कारण त्याच्या मागोमाग एक प्रश्न आला आणि तो रागापेक्षा मोठा निघाला.

"पानथरी आहे हे तुम्हाला कळतं कसं, सगुणाबाई? कुठल्या मुलाला डाग द्यायचा, कुठल्याला नाही?"

सगुणेला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. तिने आत हाक मारली. "गोदे, ये. बाय मारीत नाय." मुलगी दबकत आली. सगुणेने तिला ओट्यावर उताणं निजवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि उजवा हात सपाट ठेवून पोटावरून हळूहळू बरगडीकडे सरकवत नेला. पोरीला म्हणाली, "मोठा दम घे." दम घेतल्याबरोबर तिचा हात थबकला.

"तीन बोटा," ती म्हणाली. "गेल्या शिमग्याला दोन होती. पावसान वाढली."

डॉक्टर करतात अगदी तसंच. तेच गुडघे, तोच दम, तीच बोटं.

"बाकीच्यांचं पण आठवतं?"

"न आठवायला काय जालं? राघोची चार. गणूची दोन, पन थंडीन कमी होते. आवडाबाईच्या धाकटीची तर बेंबीपातूर. ती पोर जगंल का नाय, ठाव नाय." सगुणा सांगत गेली. कुणाची केव्हा वाढली, कुठल्या पावसात, कुणाची उतरली. कलावती भराभर लिहीत होती. जी माहिती जमवायला सरकारने पथक धाडलं, ती कित्येक वर्षांची माहिती या बाईच्या बोटांत होती, आणि आजवर कुणी तिला विचारलं नव्हतं.

"डागाने उतरते का हो?" लिहिता लिहिता कलावतीने विचारलं.

सगुणेने गोदाचं पोलकं नीट केलं. "काईंची उतरते, काईंची नाय. ज्यांना नाय दिला त्यांची पन काईंची उतरते," ती सावकाश म्हणाली. "पन आई रडत येते. तिला काय सांगू? माज्याकडं दुसरा हाय काय?"

शुक्रवारी कचेरीत कलावतीने सगळं सांगितलं. डागांचं ऐकून डॉक्टर वैशंपायन ताडकन उठले. "हा रानटीपणा आहे! त्या बाईला समज द्यायला हवी."

"द्या ना," कलावती म्हणाली. "मग बातमी ओढ्यापलीकडे जाईल, आणि उरलेल्या दहा गावांत आपल्याला नुसती गुटगुटीत पोरं दिसतील. आपलं औषध कुणालाच नको असं आपल्याच कागदांवरून सिद्ध होईल."

डॉक्टर खिडकीपाशी गेले. खाली वखारीत पोती उतरत होती. तिथूनच ते म्हणाले, "तिची बोटं खरी कशावरून?"

"हे बघता येईल," कलावती म्हणाली. तिने ते रात्रीपासून मनात मांडून ठेवलं होतं. "तुम्ही एका घरात बसा, ती दुसऱ्या. मुलं तीच. दोघांनी एकमेकांना काही सांगायचं नाही. मी दोन्हीकडचं लिहिते, शेवटी ताडून बघू."

शनिवारी हे झालं; डागांवर कुणी काही बोलणार नाही, असं सांगून सगुणेनेच आयांकडून पोरं आणवली. तीस मुलं, कमळाबाईचं घर आणि शेजारचं घर. मुलांना हा खेळच वाटला; एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरायचं. कलावती मधल्या अंगणातून येरझाऱ्या घालत होती. डॉक्टरांनी एकाही डागावर चकार शब्द काढला नाही. फक्त गोदाच्या पोटावर हात ठेवताना ते दोन क्षण थांबलेले तिला दिसले.

दुपारी अंगणात बसून तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. तीसपैकी सव्वीस मुलांची बोटं जशीच्या तशी जुळली. चौघांत एका बोटाचा फरक. डॉक्टरांनी त्या चौघांना पुन्हा बोलावलं, पुन्हा तपासलं, आणि एकाच्या बाबतीत खाकरून म्हणाले, "याचं सगुणाबाईंचंच माप बरोबर आहे. लिहा."

सगुणा पायरीवर बसून हे बघत होती. "डॉक्टर, तुमचा हात गार हाय," ती म्हणाली. "पोर आकसते, मंग चुकते. आदी हात चोला."

धोंडीबा इतका हसला की त्याच्या नळीतले दोन डास सुटले. डॉक्टरांनी मात्र खरंच तळहात एकमेकांवर चोळून पाहिले.

उरलेली मुलं त्या दिवशी आणि रविवारी घरोघर जाऊन तपासली. पटावरची, आणि पटावर नाव नसलेलीही. त्यात मुली जास्त, आणि शाळेच्या वयाला न पोचलेली धाकटी. आंबेखारात दोन ते दहा वर्षांची मुलं एकूण सत्याऐंशी निघाली. पानथरी त्रेचाळीस जणांना. गावातल्या जवळजवळ निम्म्या पोरांना. सोमवारी ठाण्याला गेलेल्या पत्रात यादी नव्हती. तीन आठवड्यांची मुदत मागितली होती आणि योजना नव्याने मांडली होती. आगाऊ सूचना नाही. शाळेऐवजी घरोघर. कार्डावर चारऐवजी तीनच रकाने. आणि पथकात चौथं माणूस, सगुणाबाई, प्रत्येक गावात आधी आयांशी बोलायला. या शेवटच्या कलमात तिच्या नावापुढे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "अनुभवी". सुईण हा शब्द त्यांनी मुद्दामच टाळला की काय, हे कलावतीने विचारलं नाही.

डागाचं काय करायचं, यावर डॉक्टर आणि सगुणा यांच्यात पायवाटेने जाताना बऱ्याच वेळा खटके उडाले. शेवटी एकदा डॉक्टरांनी हिवतापावरच्या क्विनीनच्या गोळ्या तिच्या हाती दिल्या आणि किती वयाला किती ते पाठ करून घेतलं. "दुसरं काही नाही म्हणत होतात ना? हे घ्या." तिने गोळ्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या. त्यानंतर डाग दिल्याचं कुणाच्या कानावर आलं नाही.

फवारणी जानेवारीत झाली, पुन्हा पावसाच्या तोंडावर झाली. आंबेखार आठांत होतं. आवडाबाईची धाकटी मात्र त्याआधीच, पौषात, गेली. त्या दिवशी सगुणा पथकाबरोबर आली नाही.

वर्षाने, पन्नासच्या नोव्हेंबरात, तेच चौघे पुन्हा गावात हिंडले. धोंडीबाला त्या गोठ्यात अर्ध्या तासात दोनच डास मिळाले आणि तो उगाच हिरमुसला. पण पानथऱ्या डॉक्टरांना वाटल्या होत्या तितक्या कमी झाल्या नव्हत्या. त्रेचाळीसच्या एकतीस.

"जुनी पानथरी हळूहळूच उतरते," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"जुनी कशाला बगतांव?" सगुणा म्हणाली. "यंदाची तान्ही बगा. जानेवारीपासना अकरा जनली माज्या हातान. मागल्या सालापातूर चार म्हयन्याचा पोर पन तापान कुरकुरायचा. यंदा एकाला पन थंडी नाय वाजली."

"तान्ही मुलं आपल्या योजनेत नाहीत," डॉक्टर सवयीने म्हणाले, आणि लगेच कलावतीकडे वळले. "पण का नाहीत?"

"आपण धरलीच नाहीत म्हणून," कलावती म्हणाली. "नवं बाळ म्हणजे नवा ताप. ज्याने जुनं वर्ष पाहिलंच नाही, त्याच्यात ताप सापडला तर तो यंदाचाच."

टाचेला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, असं ठरलं. आयांना सगुणेने समजावलं. पहिली सुई तिने स्वतःच्या बोटाला टोचून घेतली. अकराही काचा ठाण्याला गेल्या. बारा दिवसांनी लखोटा आला. अकरांतल्या एकाही काचेत हिवताप नव्हता. ओढ्याच्या वरच्या अंगाला, न फवारलेल्या चार गावांतल्या तान्ह्यांच्या काचाही डॉक्टरांनी सोबत धाडल्या होत्या. तेरांपैकी पाचांत होता.

कलावती ते सांगायला आंबेखारला गेली. सगुणा अंगणात एका बाळंतिणीच्या पोराला तेल लावत होती. कलावतीने दोन्ही आकडे सांगितले. सगुणा ऐकताना बाळाचा पाय तसाच हातात धरून राहिली.

"पाच पोरांना हाय," ती म्हणाली. "आन तुमी ती गावा मुद्दाम ठेवली."

"औषध नव्हतं, सगुणाबाई. आठांचंच होतं." कलावतीला आपलं उत्तर खरं असूनही अपुरं वाटलं. "यंदा बारांचं आलं आहे. जानेवारीत त्या चारांपासूनच सुरुवात. तोवर त्या पाचांना गोळ्या द्यायच्या, डॉक्टर उद्याच निघताहेत."

सगुणेने बाळाला त्याच्या आईच्या मांडीवर ठेवलं आणि तेलाचे हात पदराला पुसले.

"उद्या नको, आज चल," ती म्हणाली. "त्या गावातल्या बाया मना वळखतान."

आणि कलावती हो म्हणायच्या आत ती अंगणाबाहेर पडलीसुद्धा.